दोन फूट रुंद, एकशे चाळीस फूट लांब

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, नगरपालिकेच्या नगररचना खात्यातून निवृत्त झालेली आरेखक, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या टेबलावर, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल माझ्या मुलाला शंका असल्यामुळे मी गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन तसा दाखला आणला आणि तो या कागदाला टाचला आहे. डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत गेले. ते म्हणाले, पासष्टला थांबला असता तरी चालले असते. मी म्हटले, काम अर्धे टाकायची सवय नाही.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायचा प्रयत्न झाला. तो पुढे योग्य जागी लिहिला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाले तर तो माणूस थापा मारतो असे समजावे.

मला दोन मुले. थोरला मुलगा विमा कंपनीत आहे. धाकटी मुलगी शहर बस चालवते. माझे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. ते याच नगरपालिकेत मोजणीदार होते. पुढे मी त्यांना मोजणीदारच म्हणेन. घरीही तेच म्हणत असे.

१. घर. मागच्या रस्त्यावरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझ्या तीन खोल्या आहेत. त्या मुलीला द्याव्यात. थोरल्याचे स्वतःचे घर आहे आणि त्यात दोन न्हाणीघरे आहेत, हे तो दर भेटीत सांगतो. मुलगी भाड्याने राहते. बस डेपो इथून चार मिनिटांवर आहे.

मधल्या खोलीचे दार उचलून लावावे लागते. सुताराला बोलावू नये. मोजणीदारांनी ते दोनदा दुरुस्त केले, म्हणून ते असे झाले आहे. आता त्याची सवय झाली आहे. दाराला आणि आम्हाला.

२. बँकेतली ठेव. ती थोरल्याला. आकडा लिहीत नाही. तो त्याला माझ्यापेक्षा नेमका ठाऊक आहे.

३. हत्यारे. माझी आरेखनाची पेटी, तीन कंपास, शाईच्या लेखण्या आणि पोलादी मोजपट्टी सुनेला द्यावी. ती शर्टांच्या कारखान्यात कापड बेतते. मोजपट्टी तिने चार वर्षांपूर्वी 'दोन दिवसांसाठी' नेली, ती आणलेली नाही. तेव्हा हे कलम त्या बाबतीत फक्त झाल्या गोष्टीवर शिक्का आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही सुनेनेच करावी. ती एकदा कात्री लावली की मागे बघत नाही.

४. पट्टी. ही माझी मुख्य मिळकत.

वर्णन: पूर्वेस पोस्टाची भिंत. पश्चिमेस गादीवाल्यांच्या घराची भिंत. दक्षिणेस सुधारलेला रस्ता. उत्तरेस मागचा रस्ता, म्हणजे माझी खिडकी. रुंदी दोन फूट, लांबी एकशे चाळीस फूट. वर छप्पर नाही. दार नाही. ही पट्टी सरकारी लिलावात घेतलेली असून तिचा कागद कपाटात सगळ्यात वरच्या खणात आहे.

ती कशी झाली हे लिहिणे भाग आहे. जाणणारे आता दोघेच उरलो आहोत, मी आणि गादीवाले, आणि आमच्या हकीकती जुळत नाहीत. माझी लेखी आहे.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी सरकारने पुढचा रस्ता सुधारायचे ठरवले. तेव्हा तो वाकडा आणि अरुंद होता. दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की मागे कोणी जायचे यावरून आई-बाप निघत. रस्ता सरळ करायचा, गटार झाकायचे, दिवे लावायचे, असे ठरले. पैसा नव्हता. जागा होती. पोस्टाशेजारी पाण्याच्या गाड्या ठेवायचे जुने सरकारी आवार पडून होते. त्याचे आठ तुकडे करून विकावेत आणि त्यातून रस्ता करावा, असा हुकूम आला.

आवाराचा नकाशा माझ्या हातचा होता. मूळ नकाशा ट्रेसिंगच्या, म्हणजे आरपार दिसणाऱ्या, कापडावर असे. त्याच्या प्रती काढायच्या तर तो औषध लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात धरायचा, मग कागद पाण्यात धुवायचा आणि दोरीवर वाळत घालायचा. कागद निळा होई, रेघा पांढऱ्या राहत. आमच्या खोलीत भिंतीवर पाटी होती: निळ्या प्रतीवरून माप घेऊ नये. याचे कारण आरेखकाला पहिल्याच महिन्यात सांगतात. धुतलेला कागद वाळताना आक्रसतो. जास्त नाही. शंभरात एक.

विक्रीची जाहिरात दुसऱ्या दिवशी छापायला जायची होती. ट्रेसिंग वरच्या कचेरीत दाखवायला नेले होते. आमचे साहेब म्हणाले,

"निळी प्रत आहे ना? घ्या तिच्यावरून."

"साहेब, पाटी लावलीय."

"ती नव्या माणसांसाठी. तुम्ही काय नव्या आहात?"

मी नवी नव्हते. नऊ वर्षे झाली होती. नव्या मुलीने नाही म्हटले असते. मी मोजपट्टी लावली. जमिनीवर आवार दोनशे आठ फूट रुंद होते. प्रतीवर ते दोनशे सहा भरले. खरा आकडा मोजणीच्या वहीत होता. वही मागच्या कपाटात होती. कपाट उघडायचे मनात आले नाही. दोनशे सहाचे आठ भाग केले, प्रत्येकी पंचवीस फूट नऊ इंच. लांबीचा प्रश्नच नव्हता. पुढे रस्ता, मागे रस्ता. सही केली आणि साडेपाचला घरी गेले.

मोजणीदारांनी त्या आकड्याने पश्चिमेकडून खुंट्या मारत आणल्या. आठवा तुकडा संपला तेव्हा पोस्टाच्या भिंतीपर्यंत दोन फूट जमीन उरली. त्यांनी वहीत लिहिले, 'शेष दोन फूट', आणि वर कळवले. वर ते कोणी वाचले नाही.

आठवा तुकडा गादीवाल्यांनी घेतला. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते आणि आवाज आजच्यासारखाच होता. त्यांचे म्हणणे, मी भिंतीपर्यंत जागा घेतली. कागदाचे म्हणणे, पंचवीस फूट नऊ इंच. त्यांनी अर्ज केला की मोजणीदाराने लाच खाऊन दोन फूट दाबून ठेवले आहेत, मागाहून कोणाच्या तरी घशात घालण्यासाठी. वर्तमानपत्रात मथळा आला: रस्त्याच्या नावाखाली जमीन गिळली. मग सरकारी चौकशी लागली.

चौकशी वाचनालयाच्या वरच्या खोलीत सात दिवस चालली. चौकशी करणारे एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांना ऐकायला कमी येई, म्हणून ते प्रत्येकाला अगदी खुर्चीजवळ बोलवत. इतक्या जवळून खोटे बोलणे अवघड जाते. आमच्या साहेबांना गेले नाही. ते म्हणाले, "निळ्या प्रतीवरून माप घ्या असं मी सांगणं शक्यच नाही. ती पाटी मीच लावलीय." पाटी लावली होती हे खरे होते.

मग मोजणीदारांना बोलावले.

"खुंट्या कुणाच्या सांगण्यावरून मारल्या?"

"कागदाच्या."

"मग हे दोन फूट आले कुठून?"

"जमिनीतच होते, साहेब. मी घरून आणले नाहीत."

"लाच घेतली?"

"दोन फुटांची किती येते?"

लोक हसले. न्यायाधीशांना नीट ऐकू आले नव्हते. त्यांनी उत्तर पुन्हा द्यायला लावले. लोक पुन्हा हसले. मोजणीदार मात्र हसले नाहीत. सोमवारपासून त्यांना निलंबित करायचा कागद टाईप झाला होता. ते त्यांना माहीत होते आणि मलाही माहीत होते, कारण टाईप करणारी बाई माझ्या शेजारी डबा खायची.

तोवर मी या माणसाला फक्त सहीवरून ओळखत होते. मोजणीवहीच्या प्रत्येक पानाखाली ती असे. कुठेही घाई नाही. अशी सही करणारा माणूस दोन फूट चोरणार नाही. चोरलेच तर ते वहीत लिहून ठेवेल. मी उठले.

"मापं मी घेतली, साहेब. निळ्या प्रतीवरून."

"जवळ या. काय केलं?"

"माप घेतलं. कागद आक्रसलेला होता."

"किती?"

"शंभरात एक."

"कशावरून?"

हे तोंडाने सांगण्यासारखे नव्हते. मी बादली मागितली.

वाचनालयाच्या शिपायाने फरशी पुसायची बादली आणून दिली. कचेरीतून त्याच गुंडाळीतला कागद मागवला. त्यावर मी वीस इंच आणि आठ दशांश अशी एक रेघ मारली, कारण आमच्या नकाशावर दोनशे आठ फूट तेवढेच येत. न्यायाधीशांनी स्वतः चष्मा पुसून ती मोजली. मग कागद पाण्यात बुडवला आणि डोक्यातल्या दोन पिना काढून खिडकीला लावला. खोलीत चाळीसेक माणसे होती. सगळी खिडकीकडे बघत बसली.

कारकुनाने विचारले, "आता काय लिहू?"

न्यायाधीश म्हणाले, "लिहा. कागद वाळेपर्यंत चौकशी तहकूब."

हे वाक्य सरकारी दप्तरात आहे. मी त्याची नक्कल काढून घेतली आहे. ती पट्टीच्या कागदाबरोबर ठेवली आहे. वर्तमानपत्रवाल्याने तेव्हा एक फोटो काढला. माझ्यामागे भिंतीवर कोणाला माझा फोटो लावायचाच असेल तर तो लावावा. केस सुटलेले आहेत, पण मी त्यात चांगली दिसते.

वाळायला दीड तास लागला. चहा आला. गादीवाल्यांना गप्प बसणे आयुष्यात जमलेले नाही. ते म्हणाले,

"एवढा वेळ कशाला घालवता? आक्रसणारच की. चांगला कागद चिंध्यांचाच करतात ना? चिंधी म्हणजे कापूस. मी खोळ शिवायच्या आधी कापड भिजवून वाळवून घेतो. नाहीतर पहिल्याच धुण्यात खोळ चार बोटं कमी आणि गिऱ्हाईक माझ्या उरावर. तुम्हा शिकलेल्या लोकांना एवढंही कळत नाही?"

न्यायाधीशांना हे, कसे कोण जाणे, स्वच्छ ऐकू गेले. त्यांनी विचारले, "हे तक्रारदारांचं म्हणणं आहे?"

"अहो, माझं कसलं आलंय म्हणणं! जगाला ठाऊक आहे."

"लिहून घ्या," न्यायाधीश म्हणाले.

कागद वाळला. रेघ तांदळाच्या एका दाण्याएवढी कमी भरली. नकाशावर तेवढी, म्हणजे जमिनीवर दोन फूट. खोलीत कोणीतरी टाळी वाजवली. ती मोजणीदारांची होती असा माझा समज आहे. त्यांनी शेवटपर्यंत कबूल केले नाही.

अहवाल आला. लाच नाही, लबाडी नाही, चूक आहे, चूक आरेखकाची. मला ताकीद मिळाली आणि एका वर्षाची पगारवाढ गेली. साहेबांना ती पाटी मोठ्या अक्षरांत लावायचा हुकूम झाला. आणि उरलेली पट्टी जाहीर लिलावाने विकावी असे ठरले.

लिलावाला गादीवाले आले नाहीत. रस्त्यात उभे राहून ते सांगत होते, "माझीच वस्तू मी विकत घेऊ? बघतोच दोन फूट कोण घेतो ते! त्यात माणूस तरी मावतो का?" मी गेले. खोलीत मी, लिलाव करणारा आणि पंखा. त्याने नियमाप्रमाणे तीनदा पुकारले. तिसऱ्यांदा त्याने कागद खाली ठेवून मलाच विचारले, "बाई, नक्की ना?" एका महिन्याच्या पगाराला ती माझी झाली. का घेतली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. ती माझी चूक होती, लांबी-रुंदीसकट. आपली चूक दुसऱ्याच्या हातात जाऊ नये, एवढेच वाटले.

ताबा द्यायला मोजणीदार आले. मोजणीच्या साखळीचे एक टोक मी मागच्या रस्त्याला धरले, दुसरे घेऊन ते पुढे गेले. साखळी कमी पडली म्हणून दोनदा लावावी लागली. शेवटी ते पुढच्या रस्त्याला उभे राहिले. गादीवाल्यांचीही भिंत तोवर उभी राहिली होती. दोन्हीकडे भिंती असल्यामुळे आवाज नळीतून यावा तसा येतो.

"ऐकू येतंय का?"

"येतंय."

"एक विचारायचं होतं. समोर येऊन विचारायला धीर होत नाही."

"विचारा."

"लग्न कराल का माझ्याशी?"

"आधी माप सांगा."

"एकशे चाळीस फूट. बरोब्बर."

"मग या इकडे."

ते पट्टीतून आले. पोस्टाच्या मागच्या खिडकीतून चार शिक्के मारणारे लोक बघत होते. मला तेव्हा त्याचे काही वाटले नाही.

पट्टी मी कधी बांधली नाही आणि अडवली नाही. लोक आपोआप जाऊ लागले. नाहीतर आठ घरे, त्यापलीकडचा सगळा बाजार आणि कोपरा फिरून जावे लागते, नऊ मिनिटे. पट्टीतून अर्धे मिनिट. दोघे समोरासमोर आले तर जो आधी हसेल त्याने मागे जायचे. हा नियम शाळेतल्या मुलांनी केला आणि आता मोठेही पाळतात. औषधवाल्यांनी एकदा कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याला वीस मिनिटे असे रोखले होते. शेवटी अधिकारी हसला. औषधवाले म्हणतात, तो माणूस त्यानंतर सुधारला.

आता दबावाविषयी. गादीवाल्यांच्या घरी चार मजले चढवायचे आहेत. जागा पोस्टाच्या भिंतीपर्यंत त्यांची असेल तरच नकाशा मंजूर होतो. त्यांनी जो भाव सांगितला तो ऐकून थोरला आठवड्यातून तीनदा यायला लागला. पूर्वी महिन्यातून एकदा यायचा.

"आई, दोन फूट आहे ती. तिथे झाडू मारायचा तरी आडवं व्हावं लागतं. तिचं तू करणार काय?"

"इतकी वर्षं काय केलं?"

"काहीच नाही!"

"तेच करणार."

"आणि तुझ्यानंतर?"

हा प्रश्न मात्र खरा होता. माझ्यानंतर पट्टी दोघा मुलांना अर्धी-अर्धी जाईल. थोरला आपली अर्धी विकेल. तो वाईट नाही. त्याला भाव कळतो, एवढेच. आणि ज्या दिवशी अर्धी विकली जाईल त्या दिवशी दुसऱ्या अर्धीतून कोणी कुठेही पोचणार नाही. या एका गोष्टीने माझी झोप गेली होती. मुलीला विचारले. ती म्हणाली, "मला नको विचारू. मी रोज सकाळी तिथून जाते. मी निःपक्षपाती नाही."

तेव्हा मी पुढीलप्रमाणे ठरवले आहे.

५. पट्टीची वाटणी. पट्टीचे एक-एक फुटाचे एकशे चाळीस तुकडे करावेत. पुढच्या रस्त्याकडून क्रमांक घालावेत. प्रत्येक तुकडा एका माणसाला. जिला किंवा ज्याला सगळी पट्टी विकत घ्यायची असेल, त्याने एकशे चाळीस सह्या आणाव्यात. माझा या गावातल्या लोकांवर विश्वास आहे. ते कोणत्याही गोष्टीवर एकमत होणार नाहीत.

ही माणसे निवडण्यासाठी मी एक महिना खिडकीत वही घेऊन बसले. एकशे त्रेसष्ट जण नेहमी जातात. त्यातून थुंकणारे काढले. सायकल उचलून नेताना हँडलने भिंत खरवडणारे काढले. रोज जाता-जाता मला 'अजून आहात का, आजी?' असे विचारणारे गृहस्थ काढले होते, पण मग एक जागा भरेना म्हणून परत घेतले. पूर्ण यादी सोबत जोडली आहे. काही नोंदी इथे देते.

फूट एक: थोरला. म्हणजे विकायला निघाला तर सगळ्या रस्त्याला दिसेल.

फूट चार ते अकरा: बालवाडीच्या बाई आणि त्यांच्या सात मदतनीस, एकेक.

फूट तेवीस: सनई-चौघड्याशिवाय लग्न करून त्याच संध्याकाळी पट्टीतून पळालेले जोडपे. दोघांत एकच. त्यांनी तेविसाव्या फुटावर थांबून काय केले ते मी पाहिले आहे. दुसरा फूट लागणार नाही.

फूट एकावन्न: चष्मेवाला. त्याचे पंधरा वर्षांत तीनदा इथे डोके आपटले आहे. तिन्ही वेळा तो दुसऱ्याचा चष्मा तपासत चालला होता.

फूट सत्तर, म्हणजे बरोबर मधला: गादीवाले. त्यांना दोन फूट हवे होते; एक मिळतो आहे. सगळ्यांनाच एक.

फूट एकशे एकोणचाळीस: सून.

फूट एकशे चाळीस: धाकटी. खिडकीखालचा.

अट एकच. प्रत्येकाला सगळ्यांच्या तुकड्यांवरून जाता येईल. जो आपला फूट अडवेल त्याचा फूट पुढच्या क्रमांकाच्या माणसाचा होईल. एकशे चाळीसचा पुढचा क्रमांक एक समजावा. हे कलम मी वकिलाला दाखवले. त्याने ते दोनदा वाचले आणि म्हणाला, "कोर्टात हे टिकेल की नाही, ते सांगता येत नाही. पण ते ठरेपर्यंत पन्नास वर्षं जातील." मी म्हटले, तेवढी पुरेत.

६. राग. माझ्या पश्चात कोणी माझ्या वतीने राग धरू नये म्हणून माझे राग मी इथेच निकालात काढते. आमच्या साहेबांवरचा राग मी सोडला आहे. त्यांनी निळी प्रत पुढे केली नसती तर माझे लग्न कोणाशी झाले असते, देव जाणे. पगारवाढ रोखणाऱ्यांवरचा राग सोडला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सतरंज्या झटकतात, तो राग सोडलेला नाही. तो मुलीने पुढे चालवावा. घराबरोबर तोही येतो.

७. मी गेल्यावर घरात बसून कोणी हळू आवाजात बोलू नये. माझे आयुष्य मजेत गेले. चांगल्या कागदावर काम केले, चांगल्या माणसाबरोबर जेवले. ज्यांना यायचे असेल त्यांनी पुढच्या रस्त्याने यावे आणि पट्टीतून यावे. एकेक करून.

सहीपूर्वी घातलेली भर:

सह्यांसाठी आज दुपारी औषधवाले आणि गादीवाले यांना बोलावले होते. गादीवाल्यांना साक्षीदार करायचा माझा विचार होता. त्यांनी सही केली असती तर मी वेडी होते असे पुढे म्हणण्याची त्यांची सोय राहिली नसती. त्यांना वाटले, विक्रीचा कागद आहे. चष्मा घालून त्यांनी तो अथपासून इतिपर्यंत वाचला. मध्ये दोनदा 'साफ खोटं' म्हणाले, एकदा खोळीच्या जागी हसले.

मग म्हणाले, "साक्षीदार म्हणून सही केली तर सत्तरावा फूट मिळतो का?"

"नाही. साक्षीदाराला यातून काही घेता येत नाही. वकील म्हणाला."

त्यांनी कागद पालथा ठेवला आणि चष्मा काढला. त्यांचे वय एकोणऐंशी आहे. औषधवाल्यांनी त्यांना पाणी दिले.

"चार मजले पोरांना हवेत," ते म्हणाले. "मला कुठे चढायचेत? दुसरा साक्षीदार बघा."

"म्हणजे फूट घेणार?"

"घेणार. पण मधला नको. मधे बसून काय भिंत बघू? पुढचा द्या. रस्त्याकडचा."

"तो थोरल्याला लिहिलाय."

"तो काय तिथे बसणार आहे? मी बसेन. स्टूल टाकीन एक."

"स्टूल टाकलं की पट्टी अडली, गादीवाले. मग तुमचा फूट दुसऱ्या नंबरवाल्याचा."

"अहो, कुणी आलं की उठेन!"

"दिवसात दोनशे माणसं जातात."

"मग दोनशेदा उठेन. डॉक्टर नाहीतरी चाला-फिरा म्हणतच असतो."

इतक्यात पोस्टमनबाई वर आल्या, त्यांना साक्षीदार केले. साक्षीदाराला फूट मिळत नाही हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग मी रोज जाते त्याचं काय?" मी म्हटले, जा की. जायला फूट लागत नाही.

सबब कलम पाच असे दुरुस्त केले आहे: फूट एक गादीवाल्यांचा. फूट सत्तर थोरल्याचा. फूट एकवर एक स्टूल ठेवता येईल, पाठ नसलेले. कोणी आले की उठायचे.

हे सर्व मी वाचले, मला पटले, आणि खाली सही केली.

(सही)
निवृत्त आरेखक

ठिकाण: माझ्या राहत्या घराची मधली खोली.
मार्च महिन्याची अकरा तारीख, बुधवार, दुपारचे सव्वाचार.

साक्षीदार:
१. (सही) औषधवाले
२. (सही) पोस्टमनबाई

बाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर. गादीवाले हजर होते. त्यांनी सही केलेली नाही.